वीतभर आखूड पडदा

नभोवाणी केंद्रात गायिकेची एक कायम जागा रिकामी झाली होती. नभोवाणीवर कोणी दिसत नाही हे केंद्रातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे गायिका दिसायला कशी असावी याबद्दल निवड समितीत कधीच दुमत नसायचं. ती देखणी असावी. आवाजावरून मात्र वाद व्हायचे, आणि वाद टाळणं हे समितीचं पहिलं कर्तव्य असल्यामुळे आवाजाचा विषय सर्वांत शेवटी, वेळ उरलाच तर, घेतला जायचा.

समितीत तिघं होती. एक केंद्रप्रमुख, ज्यांची बदली होऊन ते पाणीपुरवठ्यातून संगीतात आले होते. दुसरे व्हायोलिनवाले, ज्यांचं व्हायोलिन कपाटावर आणि ज्येष्ठता अंगावर असायची. तिसऱ्या ज्येष्ठ निवेदिकाबाई. त्यांना स्वतःला ऐन उमेदीत रूपावरच निवडलं होतं, त्यामुळे या पद्धतीत काही चूक असेल असं त्यांना वाटणं शक्यच नव्हतं.

मागच्या खेपेला या तिघांनी एकमतानं एक गायिका निवडली होती. तिच्या डोळ्यांवर इतिवृत्तात अर्धं पान खर्ची पडलं होतं. तिचं पहिलं गाणं लागलं आणि शहरातल्या निम्म्या लोकांनी आपापले रेडिओ उचलून दुरुस्तीला नेले. दुसरं लागलं तेव्हा उरलेल्या निम्म्यांनी नेले. ती मुलगी बिचारी समजूतदार होती, तिला मुळात चित्रं काढायची होती. ती आपणहून सोडून गेली. पण तोवर रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या संघटनेनं केंद्रप्रमुखांचा जाहीर सत्कार केला होता, आणि ती बातमी वरच्या कार्यालयाच्या वाचनात आली. वरून हुकूम सुटला: 'यापुढे गायिकेची निवड पडद्याआडून करण्यात यावी. उमेदवाराचा चेहरा समितीच्या दृष्टीस पडता कामा नये.'

या जागेची वाट बघत एक बाई त्याच केंद्रात कित्येक वर्षं गात होती. दरवानापासून केंद्रप्रमुखांपर्यंत सगळे तिला हंगामी बाई म्हणत. हंगाम कसला आणि तो संपणार कधी, हे विचारायचं नसतं. रोज सकाळी लागणारं पहिलं गाणं तिचं असायचं, पण तिचं नाव कधी सांगितलं जायचं नाही. हंगामी कलाकाराचं नाव जाहीर केल्यास आपण कायम आहोत असा त्याचा गैरसमज होऊ शकतो, असा नियमच होता. निवेदिकाबाई म्हणायच्या, "आता ऐकू या एक गीत," आणि गीत आपोआप उगवल्यासारखं सुरू व्हायचं. ही बाई दिसायला कशी होती ते पुढं सांगतो. आधी कामाचं बोलू.

तिला फार काही नको होतं. गाण्याआधी आपलं नाव एकदा हवेत ऐकू यावं, एवढंच. आणि तेही जगासाठी नाही, सासूबाईंसाठी. सासूबाई त्या सकाळच्या गाण्याच्या भक्त होत्या. गाणं लागलं की त्या चहाचा कप खाली ठेवायच्या आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणायच्या, "ऐक जरा, सूनबाई. याला म्हणतात गळा. कोण अप्सरा असेल कुणास ठाऊक." सूनबाई भाजी चिरता चिरता आदल्या दिवशी मुद्रित केलेलं स्वतःचंच गाणं ऐकून घ्यायची. एकदा न राहवून तिनं सांगून टाकलं, "आई, ते मीच गाते." सासूबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "ताप तर दिसत नाही." त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. पण आता वयाची अट संपत आली होती. ही जागा गेली की पुढच्या जागेला अर्ज करायची सोय नव्हती.

पडद्यासाठी भांडारात शोधाशोध झाली. एक जुना जाड सुती पडदा निघाला, पण त्याला कुबट वास येत होता म्हणून तो धुतला, आणि धुतल्यावर तो आटला. टांगला तेव्हा जमिनीपासून वीतभर वर राहिला. भांडारपाल म्हणाला, "धुण्याआधी पुरत होता." केंद्रप्रमुखांनी चेहऱ्याच्या उंचीला हात लावून पाहिला. तिथं पडदा होता. हुकुमात पायांचा उल्लेख कुठंच नव्हता.

पहिल्या फेरीला हंगामी बाई पडद्यामागं उभी राहिली. तिला खालच्या फटीतून समिती दिसत होती, म्हणजे समितीचा जेवढा भाग जमिनीला टेकला होता तेवढा. केंद्रप्रमुखांचे चकचकीत बूट. व्हायोलिनवाल्यांचा एक मोजा काळा, एक निळा. निवेदिकाबाईंनी चपला काढून पाय एकमेकांवर घासायला घेतले होते. तिच्या स्वतःच्या पायात रोजच्या वापरातल्या चपला होत्या, अंगठा तुटला म्हणून चांभाराकडून वेगळ्याच रंगाच्या दोऱ्यानं शिवून घेतलेल्या. तिनं डोळे मिटले आणि गायली. त्या दिवशी तिचा गळा असा काही लागला की तिचं तिलाच बरं वाटलं.

गाणं संपलं. मग व्हायोलिनवाले खाकरले. "कष्टाळू आवाज आहे."

"हो, पण टाचेकडे रखरखीत वाटतो," केंद्रप्रमुख म्हणाले.

"आणि करंगळी आत वळते," निवेदिकाबाई म्हणाल्या. "श्रोत्यांना खटकेल."

हंगामी बाई गोंधळली. आवाजाला टाच असते हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिचे गुरुजी फार लवकर गेले, कदाचित तो धडा राहून गेला असेल. तिच्यानंतर एक नवी मुलगी गायला उभी राहिली. गाताना ती दोनदा शब्द विसरली आणि एकदा सूर. पण बाहेरच्या बाकावर बसलेल्या हंगामी बाईला दाराआडून समितीचे सुस्कारे ऐकू आले. "काय निमुळता आवाज," व्हायोलिनवाले म्हणत होते. "आणि रंग तरी कसा, शंखासारखा." निकाल लागला तेव्हा हंगामी बाईच्या नावापुढं शेरा होता: 'गायन उत्तम. जमिनीलगत सुधारणा आवश्यक. दुसऱ्या फेरीस बोलवावे.' जमिनीलगत म्हणजे खालच्या पट्टीत, असं समजून ती बिचारी आठवडाभर मिठाच्या पाण्यानं गुळण्या करून खर्जाचा रियाज करत बसली.

डोळे उघडले ते नणंदेनं. नणंद लग्नाची होती, स्वभावानं मोकळी, आणि चपलांच्या एका मोठ्या दुकानात कामाला होती. दुकानाच्या काचेवर जी जाहिरात लावली होती त्यात पाय तिचेच होते. एका संध्याकाळी ती घरी आली ती हसतच.

"वहिनी, तुमच्याकडे गाण्याची परीक्षा आहे की चालण्याची?"

"का गं?"

"अगं, शहरातल्या सगळ्या गायिका आमच्या दुकानात लोटल्यात. एकजण म्हणाली, तारसप्तकाला चालतील अशा दाखवा. दुसरी म्हणाली, समितीला लाल आवडतो. उंच टाचेचा तर एक जोड शिल्लक नाही. त्यांच्याच तोंडून कळलं, पडदा आखूड आहे म्हणे."

हंगामी बाईच्या हातातला चमचा हातातच राहिला. मग तिला टाच कळली, करंगळी कळली, जमिनीलगतची सुधारणाही कळली. ती आधी हसली आणि मग रडली. "इतकी वर्षं चेहऱ्यावरून नाकारलं," ती म्हणाली, "म्हटलं आता तरी पडदा आला. तर हे पायाशी आले."

"रडतेस कशाला? त्यांना पाय हवेत ना? देऊ की. तुझा गळा, माझे पाय. एका घरातलेच तर आहेत."

"लबाडी होईल गं."

"गाणं तूच गाणार आहेस ना? मग लबाडी कसली? चपला तर सगळ्यांनीच बदलल्यात, आपण जरा वरपर्यंत बदलू."

दुसऱ्या फेरीला दोघी मागच्या दारानं आत गेल्या. पडद्यामागं कोण आहे हे पाहणं नियमाविरुद्ध असल्यामुळे दरवानानं तोंड फिरवून घेतलं. हंगामी बाई एका उंच स्टुलावर मांडी घालून बसली. नणंद पुढं उभी राहिली, पायात दुकानातून आणलेला चंदेरी पट्ट्यांचा जोड. गाणं सुरू झालं आणि पलीकडची कुजबुज थांबली. केंद्रप्रमुखांचे बूट पुढं सरकले. व्हायोलिनवाल्यांचा निळा मोजा ताल धरू लागला, चुकीचा, पण मनापासून.

"वा," केंद्रप्रमुख म्हणाले. "जरा डावीकडे सरकून तान घेता येईल का?"

नणंद डावीकडे गेली, तान स्टुलावरून निघाली.

"आता फिरत फिरत."

नणंद फिरू लागली. आवाज एका जागी आणि पावलं दुसरीकडे, हे कुणाच्याही कानाला कळलं असतं, पण कान त्या वेळी रिकामे नव्हते. ते डोळ्यांच्या मदतीला गेले होते. "पावलं हलतात, पण आवाज जागचा ढळत नाही," व्हायोलिनवाले भारावून म्हणाले. "याला रियाज म्हणतात." निवेदिकाबाईंनी डोळे पुसले आणि चपला कुठं घेतल्या ते विचारलं. तिथंच निवड झाली. एकमतानं.

रुजू व्हायच्या दिवशी हंगामी बाई एकटीच गेली, आपल्या शिवलेल्या चपला घालून. तिला वाटलं, आता निवड झाली आहे, आता पायांचं काय. केंद्रप्रमुखांनी तिला पाहिलं, मग खाली पाहिलं आणि ते गंभीर झाले.

"हंगामी बाई, तुम्ही कशा? निवड त्या चंदेरी पट्ट्यांवाल्या बाईंची झाली आहे."

"साहेब, त्या दिवशी मीच गायले. ऐका हवं तर." आणि तिनं तिथंच, टेबलासमोर उभं राहून, तेच गाणं म्हटलं.

तिघांनी ऐकून घेतलं. "आवाज तोच आहे," केंद्रप्रमुख शेवटी म्हणाले, "यात शंका नाही. पण आवाज हा पुरावा होत नाही. आवाजाची नक्कल करता येते. पायांची येत नाही."

मग ते पाय नणंदेचे होते हे हंगामी बाईला सांगावं लागलं, आणि नणंदेला बोलावणं गेलं. ती दुकानातून तशीच धावत आली. तिचे पाय पाहताच समितीला ओळख पटली, आणि चेहरा पाहिल्यावर तर समितीला आपल्या कानांचा अभिमान वाटू लागला. नणंदेनं स्पष्ट सांगितलं, "साहेब, मला गाता येत नाही."

"विनय," व्हायोलिनवाले म्हणाले.

"विनय नाही हो, खरंच येत नाही. गाणं वहिनीचं होतं."

"ठीक आहे, ते कामाला लागल्यावर बघू," केंद्रप्रमुख म्हणाले. "तूर्तास नाव तुमचं जाईल आणि गातील हंगामी बाई. त्यांना सवय आहे."

"मग मला हे काम नको."

"नको म्हणण्यासाठी आधी रुजू व्हावं लागतं. रुजू न झालेल्या माणसाचा नकार आम्ही कुठल्या अधिकारात घेणार?"

असं म्हणून त्यांनी तिला रुजू करून घेतलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात नव्या गायिकेचं छायाचित्र आलं, पायांपासून वरपर्यंत. आणि सकाळी निवेदिकाबाईंनी पहिल्यांदाच गाण्याआधी नाव उच्चारलं. सासूबाईंच्या हातून कप निसटला. "माझी लेक," त्या म्हणाल्या. "अगं, इतकी वर्षं गात होतीस आणि आईला सांगितलं नाहीस?" मग स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाल्या, "बघ, सूनबाई. एका घरात राहून तुझ्या कानावर काही पडलं नाही." सूनबाईनं भाजीत मीठ दोनदा घातलं. त्या दिवशी तिला कुणाचंच तोंड बघवत नव्हतं.

नणंदेला हे सहन होईना. तिनं आईला खरं सांगून पाहिलं, तर आईनं तिच्याही कपाळाला हात लावून पाहिला. "थांब," ती म्हणाली, "उद्या दुपारी, आई झोपते त्या वेळी, थेट कार्यक्रम आहे. उद्या मीच गाते. असं गाते की हे लोक तुझ्या पाया पडायला येतील." आणि ती गायली. खरं सांगायचं तर तिनं मुद्दाम वाईट गायचं ठरवलं होतं, पण तशी गरजच पडली नाही. वादकांनी एकेक करून वाजवणं थांबवलं, कारण ती कुठं आहे हे त्यांना सापडेना. गाणं कसंबसं संपलं आणि दोघी नणंदा-भावजया केंद्राच्या दाराशी निकालाची वाट पाहत बसल्या.

शहरातले रेडिओ दुरुस्त करणारे पाने-पक्कड घेऊन दुकानात सज्ज बसले होते. एकही रेडिओ आला नाही. या वेळी लोकांनी छायाचित्र पाहिलेलं होतं. केंद्रात फोनवर फोन यायला लागले. नवं वळण आहे, असं कोणी म्हणालं. धाडस आहे, कोणी म्हणालं. एका श्रोत्यानं कळवलं की बेसूर वाटला तो आपल्या रेडिओचा दोष असावा, पण गाणं गोड होतं. व्हायोलिनवाले म्हणाले, "हा सूर आजवर कुणी लावलेला नाही," आणि ते शब्दशः खरं होतं. दुरुस्तीवाल्यांच्या संघटनेनं तेवढा निषेध नोंदवला.

श्रोते समाधानी असल्यामुळे हंगामी बाईंची आता गरज उरली नाही, असं केंद्रप्रमुखांनी तिला बोलावून सांगितलं. चहाही दिला.

"साहेब, एक विचारू? माझ्या आवाजात काय कमी होतं?"

केंद्रप्रमुखांना मनापासून वाईट वाटलं. "छे, छे. तुमच्या आवाजाबद्दल आमची कधीच तक्रार नव्हती. त्याचा आम्ही विचारच केलेला नाही."

त्यानंतरच्या सकाळी ती उशिरा उठली, कारण तिच्या गाण्याची वेळ आता तिची नव्हती. बाहेरच्या खोलीत सासूबाई रेडिओपाशी बसल्या होत्या. निवेदिकाबाईंनी लेकीचं नाव घेतलं, लेक गाऊ लागली, आणि सासूबाईंनी दोन ओळी ऐकून रेडिओ खटकन बंद केला.

"ही तर आमची बया," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "हिचं रडणं-गाणं मला पाळण्यापासून पाठ आहे. मग ती रोजची कुठं गेली?" आणि त्या हिरमुसून बसल्या. पोटच्या पोरीचं छायाचित्र समोर भिंतीवर टाचलं होतं, तरी त्यांचा कान काही फसला नाही.

स्वयंपाकघरात सूनबाईनं हे सगळं ऐकलं. भाजी पुढ्यात ओढली आणि चिरता चिरता गुणगुणू लागली, आधी हळू, मग जरा मोकळ्या गळ्यानं. गळा तापत गेला तशी ती सुरी खाली ठेवून गायलाच लागली.

"आली, आली," सासूबाई बाहेरून म्हणाल्या, "लागली बघ ती." आणि आवाज वाढवायला त्यांनी रेडिओकडे हात नेला. रेडिओ बंद होता. त्यांनी बटण फिरवून पाहिलं, तो बंदच होता हे पुन्हा पाहिलं. मग त्या हळूहळू उठून स्वयंपाकघराच्या दारात आल्या. सूनबाई थांबली.

सासूबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बराच वेळ.

"तू?"

"हो, आई."

"इतकी वर्षं?"

"हो."

सासूबाई दारातल्या पाटावर टेकल्या. "तुझ्याकडे बघून वाटत नाही गं," त्या म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांच्या आवाजात इतकी लाज होती की सूनबाईनं मान खाली घातली. मग त्या म्हणाल्या, "असं कर, मी डोळे मिटते. तू म्हण पुढं." आणि भिंतीला डोकं टेकून त्यांनी खरंच डोळे मिटले. सूनबाईनं राहिलेली ओळ उचलली.

आता एक वचन राहिलं आहे. ही बाई दिसायला कशी होती ते पुढं सांगतो, असं मी म्हणालो होतो, आणि तुम्ही ते विसरला नाहीत याची मला खात्री आहे. तिची चपलेची शिवण सांगितली, करंगळी सांगितली, तेवढ्यावरून तुम्ही जमेल तसा एक चेहराही करून घेतला असेल. पण ती गात काय होती, तिचं रोजचं गाणं कुठलं, आज सासूबाईंसमोर तिनं कुठली ओळ उचलली, हे मी अथपासून इतिपर्यंत कुठंही सांगितलेलं नाही. तुम्हाला ते खटकलं नसेल, तर समितीत एक जागा रिकामी होते आहे. निवेदिकाबाई निवृत्त होत आहेत. अर्जासोबत छायाचित्र जोडावं.